मांजर गेली, वास राहिला: सामान आणण्याआधी घर कसं साफ करावं

नव्या घरात आधीच्यांच्या मांजरीच्या मुताचा वास राहिला असेल, तर तो काढायचं काम घर रिकामं असतानाच उरका. पलंग-कपाटं लागली की नेमके वासाचे कोपरे झाकले जातात. आणि फिनेल, कापूर, धूप, रूम फ्रेशनर यांचा नाद सोडा. त्यांनी वास चार दिवस दबतो आणि दमट हवा आली की पुन्हा डोकं वर काढतो. मांजरीच्या मुतातलं युरिक ॲसिड पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे नुसतं पुसून ते जात नाही.

मागे राहिलेले पडदे, पायपुसणी, जुन्या गाद्या बाहेर काढा. एसीची जाळी धुवा.

आता जागा शोधा. रात्री दिवे घालवून यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च फिरवा. जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचे ओघळही चमकतात, म्हणून जिथे चमक दिसेल तिथे नाक नेऊन खात्री करा आणि खडूने खूण करा. दारामागे, स्कर्टिंगलगत (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), ओट्याखाली आणि बाल्कनीच्या दाराशी हमखास सापडतं.

खरी लढाई फरशीच्या सांध्यांशी असते. मला सगळ्यात जास्त यांनीच छळलं आहे. टाइल मूत शोषत नाही, पण तिच्या सांध्यातलं व्हाइट सिमेंट शोषतं. इथे एन्झाइमवालं क्लीनरच लागतं, म्हणजे ज्यातली एन्झाइम आणि जिवाणू मुतातले घटक तोडतात ते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ते लावण्याआधी फरशी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. आधीच्या फिनेलचा अंश राहिला तर क्लीनरमधले जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात.

मग क्लीनर ओता. फवारून भागत नाही. मूत जितकं खोल गेलं तितकंच तेही खोल जायला हवं. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ओलं राहू द्या. घाईने पुसणाऱ्यांचंच काम फसतं. कागद काढल्यावर वास आधी वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. पंखा लावून पूर्ण वाळू द्या, मगच नाक लावा. उरला असेल तर हेच पुन्हा करा. तरीही हटला नाही तर मिस्त्रीकडून तेवढे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं, ओल न शोषणारं मिश्रण) भरून घ्या.

ब्लीच अजिबात वापरू नका. मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. संडासाचं ॲसिड सांधेच खाऊन टाकतं. व्हिनेगरचा सल्ला तर जो तो देतो, पण संगमरवर, कोटा आणि शहाबादी हे चुन्याचे दगड आहेत. आम्लाने त्यांची चकाकी जाते.

बोका भिंतीवर फवारतो, म्हणून तिथे गुडघ्याच्या उंचीपर्यंत तपासा. डागावर थेट नवा रंग मारू देऊ नका. रंग गिलाव्यापर्यंत खरवडून, क्लीनर लावून, पूर्ण वाळल्यावर ऑइल प्रायमर, मग रंग. रंगारी प्रायमर टाळायला बघतात. समोर उभे राहा.

फुगलेलं प्लायवुड धुऊन सुधारत नाही. तेवढी फळी बदला.

शेवटी सगळ्या खिडक्या रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी बाहेरून आल्या आल्या वास घ्या. घरात तासभर वावरल्यावर नाक सरावतं, तेव्हाचा निकाल धरू नका. घर भाड्याचं असेल तर फळी आणि ग्राउटचा खर्च कोण देणार हे चावी घेण्याआधीच मालकाकडून लेखी घ्या.