मुलाला गंभीर मानसिक आजार झाल्यास पालकांनी मदत कशी मिळवावी

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा रात्र-रात्र जागा राहू लागतो, शेजारी आपल्याबद्दलच बोलतात असे ठामपणे सांगतो, भाजीत कुणी काही कालवले असेल या संशयाने ताट सरकवतो आणि आंघोळ करण्याचेही टाळतो, तेव्हा नातेवाइकांकडून दोनच उत्तरे मिळतात: ‘वयच तसे आहे’ किंवा ‘बाहेरचे काही असेल’. वयात येणाऱ्या मुलांची चिडचिड घरापुरती असते आणि येते-जाते. झोप, जेवण, स्वच्छता, अभ्यास आणि मित्र या सगळ्यांवर एकाच वेळी परिणाम झाला असेल आणि तो काही आठवडे टिकून असेल, तर तो हट्ट नव्हे. आपल्याकडे या टप्प्यावर हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘दहावी होऊ द्या, मग दाखवू’. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) आजार बोर्डाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही, आणि उपचाराला जितका उशीर होतो तितके सावरणे अवघड जाते.

पहिली अडचण कुणाकडे जावे ही असते. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देऊ शकत नाहीत. ते अधिकार मानसोपचारतज्ज्ञाला, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला असतात. भास, टोकाचा संशय, अनेक दिवस झोपेविना उत्साह किंवा मरणाची भाषा दिसत असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. समुपदेशन नंतर जोडीला येते. मुलांचे खास मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर फारच कमी आहेत, म्हणून त्यांची वेळ मिळेपर्यंत थांबून राहणे ही चूक ठरते. मोठ्यांवर उपचार करणारा तज्ज्ञही सुरुवात करू शकतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग असतो आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतात. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मुलगा बोलायला तयार नसेल तर पालक स्वतः फोन करू शकतात.

पहिल्या भेटीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून सगळ्यात उपयोगी पडते ती एक साधी वही. बदल साधारण कधी सुरू झाला, रोज किती तास झोप झाली, मूल नेमके काय बोलले, हे तारखेनिशी लिहावे. ‘विचित्र वागतो’ असे लिहिण्याऐवजी ‘पंख्यातून आवाज येतो म्हणाला’ असे त्याच्याच शब्दांत लिहिले, तर डॉक्टरांना त्यातून खरी दिशा मिळते. ताप, डोक्याला मार, फिट, थायरॉईडचा त्रास आणि आधी घेतलेली औषधे यांचीही नोंद हवी, कारण काही शारीरिक आजारही असेच दिसतात आणि डॉक्टर त्यासाठी तपासण्या सांगतात. गांजा किंवा इतर नशेचा संशय असेल तर तो लपवू नये. सर्वांत जास्त लपवला जातो तो कुटुंबातला इतिहास: मामाला किंवा आत्याला असाच त्रास होता हे मुलीच्या लग्नाच्या काळजीने डॉक्टरांनाही सांगितले जात नाही, आणि नेमकी तीच माहिती निदानाला लागते. पुढे डॉक्टर बदलले किंवा बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत दुसरे मत घ्यावे लागले, तर चिठ्ठ्या, अहवाल आणि ही वही एकाच फाइलमध्ये असावी.

मूल यायला तयार नसेल तर ‘मामाकडे जाऊ’ असे खोटे सांगून नेऊ नये. एकदा विश्वास गेला की पुढची प्रत्येक गोळी भांडणाची होते. ‘तुला आवाज येतच नाहीत’ असा वाद घालण्यानेही काही साधत नाही. झोप येत नाही, भीती वाटते हे त्यालाही मान्य असते, तेव्हा त्यासाठी डॉक्टरकडे जाऊ असे म्हणावे. तरीही नकार असेल तर आई-वडिलांनी आधी वही घेऊन एकटे जाऊन सल्ला घ्यावा.

जीव देण्याची भाषा, तशी तयारी किंवा मारहाण सुरू झाली तर ती रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. कीटकनाशके, गोळ्यांचा साठा, दोर आणि धारदार वस्तू घराबाहेर हलवाव्यात, मुलाला एकटे सोडू नये, त्याच्याशी एकाच माणसाने शांतपणे बोलावे आणि १०८ला फोन करावा. जवळच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नसला तरी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर पालकांच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, हे अपघात विभागात नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

दाखल करण्याची वेळ आली तर याच कायद्याच्या कलम ८७ मधील तरतुदी पालकांना ठाऊक असाव्यात. अठरा वर्षांखालील मुलासाठी अर्ज पालक करतात, परंतु दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या पात्र डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने, स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज मान्य करावी लागते. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे आणि पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहायचे असते. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत स्त्री हवी. त्यामुळे रजा, धाकट्या भावंडाची सोय आणि घरचा डबा यांचा विचार निघण्याआधीच करावा. साखळीने बांधण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे.

औषधांचा परिणाम दिसायला बहुधा काही आठवडे लागतात आणि सुस्ती, वजनवाढ किंवा ताठरपणा असे त्रास आधी दिसतात. ते वहीत लिहून डॉक्टरांना सांगावे, पण बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. घरात देवऋषीचा विषय निघतोच. आजीने अंगारा लावला तर त्यावरून घर फोडण्यात मला अर्थ वाटत नाही. गोळी चुकली नाही म्हणजे झाले. पण भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणे किंवा मिरचीची धुरी देणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे कुणाचाही मान राखू नये.

खर्चाबाबत, मानसिक आजाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. मात्र बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो. आजार दीर्घकाळ राहिला तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि सवलतींसाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ‘निरामय’ विमा योजना मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्यासाठी खेटे घालण्यात वेळ घालवू नये.

मुलाला अठरा पूर्ण झाले की त्याच्या वतीने दाखल करण्याचा अर्ज करण्याचा आणि उपचारांना संमती देण्याचा आई-वडिलांचा अधिकार आपोआप चालू राहत नाही. त्याची प्रकृती स्थिर असताना त्याच्याशी बोलून, मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी व्यक्ती) म्हणून कुणाला नेमायचे हे त्याने साध्या कागदावर लिहून सही करावी, ज्याला नेमले त्याचीही संमती घ्यावी, आणि तो कागद त्याच फाइलमध्ये सर्वांत वर लावावा.