पीपीएममधला कार्बन मोनॉक्साइड मोजताय? या चुका टाळा

अमोनियासाठीच्या हायड्रोजन-नायट्रोजन मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) काही पीपीएम, म्हणजे दहा लाखांत काही भाग, उरला तरी लोखंडी कॅटॅलिस्ट मंदावतो. एवढ्याशा प्रमाणासाठी ऑर्सॅटचं गॅस-विश्लेषणाचं उपकरण काढू नका, ते टक्क्यांच्या हिशेबाचं. इथे कामाला येते जुनी आयोडीन पेंटॉक्साइडची पद्धत. नळीत भरलेल्या पेंटॉक्साइडवरून साधारण १५० अंश सेल्सियसला गॅस नेला की सीओच्या पाच रेणूंमागे आयोडीनचा एक रेणू सुटतो. तो पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात पकडायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेट करायचा, म्हणजे ब्युरेट या मोजनळीतून थायोसल्फेट किती लागतं ते बघायचं.

आकडा चुकला की पहिला संशय ब्युरेटवर जातो. खरं तर घोळ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

सगळ्यात आधी ओल. गोव्यात वेर्णा-कुंडईकडच्या लॅबमध्ये जुलैत निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी पडतं, आणि पेंटॉक्साइडही पाणी ओढून आयोडिक आम्ल बनतं. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवून नळी भरत बसू नका. भरलेली नळी कोरड्या नायट्रोजनखाली २०० अंशांच्या आसपास तापवा आणि ब्लँक (सीओ नसलेल्या गॅसवर येणारं रीडिंग) स्थिर होईपर्यंत चालू द्या. पेंटॉक्साइड स्वतःही थोडं थोडं आयोडीन सोडत असतं, त्यामुळे ब्लँक शून्य येणार नाही. तो रोज तेवढाच आला म्हणजे झालं.

ब्लँक कुठल्या गॅसवर घेता, हेही बघा. नमुना हायड्रोजनचा आणि ब्लँक नायट्रोजनवर, ही चूक सर्रास होते. हायड्रोजनही पेंटॉक्साइडला थोडं खातो, तापमान वाढलं की जास्तच. पॅलेडियम प्युरिफायरमधून काढलेल्या हायड्रोजनवर ब्लँक घ्या आणि भट्टी उगाच चढवू नका.

एथिलीन, ॲसिटिलीन, हायड्रोजन सल्फाइड हेही आयोडीन सोडवतात. म्हणून गॅस आधी सल्फ्युरिक आम्लातल्या थंड क्रोमिक आम्लातून, मग पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), शेवटी फॉस्फरस पेंटॉक्साइडमधून न्यायचा. हा क्रम उलटला तर वाळवलेला गॅस पुन्हा ओला होतो. ऑक्सिजन काढायला अल्कधर्मी पायरोगॅलॉल मात्र मध्ये घालू नका. ऑक्सिजन शोषताना ते स्वतःच सीओ सोडतं! आणि तसाही ऑक्सिजन या पद्धतीत आड येत नाही.

उलट आकडा कमी येत असेल तर नळीच्या थंड टोकाकडे नीट बघा. जांभळट कडं दिसलं म्हणजे आयोडीन तिथेच बसलंय. आयोडाइडच्या फ्लास्कपर्यंत हीटिंग टेप लावा. त्या वाटेवर रबर नको, जोडावर ग्रीसही नको, दोन्ही आयोडीन पितात.

हिशेब सोपा आहे: ०.००१ नॉर्मल संहतीच्या थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे प्रमाण तापमान-दाबाला ०.०५६ मिली सीओ. १० लिटर गॅसमध्ये १० पीपीएम सीओ असेल तर ब्युरेट जेमतेम १.८ मिली उतरते. ब्लँकच अर्धा मिली आला तर पुढचं बोलायलाच नको. अशा वेळी नमुना वाढवा, नाहीतर ब्रोमीनने आयोडीनचं आयोडेट करून घ्या. जादा ब्रोमीन फॉर्मिक आम्लाने घालवून पुन्हा आयोडाइड टाकलं की सहापट आयोडीन मिळतं.

नमुना लोखंडी सिलिंडरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, दाबाखाली सीओ लोखंडाशी जुळून कार्बोनिल नावाचं संयुग करतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर बरा. रेग्युलेटर दोन-तीनदा पर्ज करूनच (थोडा गॅस सोडून आतली हवा घालवूनच) गॅस घ्या, आणि बाहेर पडणाऱ्या गॅसची नळी खिडकीबाहेर काढा, पाऊस कितीही असो.