जुन्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक बसवताना मास्टर सिलिंडर विसरू नका

आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना ड्रम तापून ब्रेक ढिले पडतात, म्हणून जुन्या पिकअपला पुढे डिस्क बसवणं शहाणपणाचंच. पण नुसते कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि डिस्क बसवून भागत नाही.

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो ऑइलच्या लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, डिस्कला मात्र घातक: पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. शिवाय कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं. म्हणून पुढे डिस्क, मागे ड्रम अशा जोडणीसाठी बनलेला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडरच घ्या; एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर पुढच्या लाइनला 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर ऑइल मागे उतरतं. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवा. पेडल जड वाटेल, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची जागा आधीच बघून ठेवा.

हवा काढायचं निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूलाच आलं पाहिजे. खाली आलं, तर डावा-उजवा कॅलिपर उलटा बसलाय.

आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी ब्रेक पाइप लवकर गंजतात. तांबं-निकेल मिश्रधातूचे मिळाले तर तेच घाला. ब्रेक ऑइल दमट हवेतलं पाणी शोषतं, ते पावसाळा संपला की दरवर्षी बदला.

बदलाआधी आरटीओत परवानगीचं विचारून घ्या.