अडवलेल्या माणसाची हकीकत कशी लिहून घ्यावी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांसाठी एक मदत केंद्र आहे. तिथे मी दर मंगळवारी संध्याकाळी फ्रेंच दुभाषी म्हणून बसते. पोलिसांनी रस्त्यात अडवलं, झडती घेतली, अशा हकीकती पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी लिहून घेणं हे माझं काम. या कामात यायची इच्छा असलेली दोन-तीन मराठी मुलं विचारत होती, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एकच विचारा: या प्रसंगावरून तुमच्यावर खटला किंवा समन्स आहे का? असेल तर लिहायला घेऊ नका, आधी वकील गाठून द्या. तक्रारीत सांगितलेलं उद्या त्यांच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. ग्रीनकार्ड आहे का, व्हिसा कुठला, हे विचारूच नका. तक्रारीला ते लागत नाही.

मग तारीख. शहराकडून भरपाई मागायची तर ९० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि पोलिसावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईला सर्वसाधारणपणे १८ महिन्यांची मुदत असते. आसपासच्या दुकानांचे कॅमेरे मात्र त्याच दिवशी बघून यायचे. ते चित्रण फार दिवस राहत नाही.

आता हकीकत. पहिल्यांदा मधे न बोलता ऐका. गिनीहून आलेला, सायकलवरून जेवण पोचवणारा एक मुलगा आला होता. पहिल्यांदा तो एवढंच म्हणाला, "थांबवलं, मग सोडलं." मी विचारलं, "तेव्हा तुझे हात कुठे होते?" तो खुर्चीवरून उठला आणि भिंतीला दोन्ही तळवे टेकवून उभा राहिला. बराच वेळ तसाच होता. पिशवी कुठे पडली, पोलीस कुठल्या बाजूला होते, "सायकल कुणाची?" हे किती वेळा विचारलं, सगळं त्याला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. म्हणून "कसं वाटलं?" नंतर विचारा. आधी हात, पाय, पिशवी, रस्ता.

सायकलची पावती त्याच्या पाकिटात होती. त्याने काढली नाही. "खिशात हात घालायचा नाही, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे." ४ फेब्रुवारी १९९९ ला याच ब्राँक्समध्ये, व्हीलर अव्हेन्यूवर, गिनीच्याच आमाडू डियालोवर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या होत्या. १९ लागल्या. त्याच्या हातात पाकीट होतं. २००० साली चौघेही निर्दोष सुटले. या मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पोलिसांच्या कागदात "सहकार्य केलं नाही" असं येऊ शकतं, म्हणून हात खिशात का गेला नाही हे त्याच्याच शब्दांत लिहा.

"मी जाऊ शकतो का?" असं त्याने विचारलं होतं का, उत्तर काय मिळालं, तेही हवं. अशी झडती घेऊन अटक किंवा समन्स न देता सोडलं, तर पोलिसाने नाव, हुद्दा आणि बिल्ला क्रमांक असलेलं कार्ड द्यायचं असतं. २०१८ पासून शहराचा तसा कायदा आहे. केवळ संमतीवर झडती घ्यायची असेल, तर नाही म्हणता येतं हेही समजेल अशा भाषेत सांगायला हवं. नवीन आलेली माणसं "येस, येस" म्हणतात ती पुष्कळदा "ऐकतोय" या अर्थाने. प्रश्न कुठल्या भाषेत आला होता, हे विसरू नका.

वंशाच्या रकान्यापाशी मी सुरुवातीला चुकले. विचारल्याशिवाय "आफ्रिकन-अमेरिकन" लिहिलं, आणि सेनेगलच्या एका वयस्कर बाईंनी ते मला खोडायला लावलं. या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घरी मी पुलो, परदेशात गिनीचा. काळा मी विमानातून इथे उतरल्यावर झालो." (पुलो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी जमातीचा.) दोन्ही लिहा: तो स्वतःला काय म्हणतो, आणि त्या रात्री पोलिसांना तो कोण दिसला. दुसरं लिहिल्याशिवाय वंशभेदाची तक्रार उभी राहत नाही. पण पहिलं लिहिलं नाही, तर कागदावर उरतो तो पोलिसांना दिसलेला माणूस, आणि मला ते मान्य नाही.

शेवटी सगळं त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. सही त्यानंतर. तो मुलगा पुरतं ऐकून घेऊन म्हणाला, "सांडलेल्या जेवणाचे पैसे माझ्या कमाईतून कापले, ते राहिलं." मी ते लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं, मग त्याने सही केली.