मिरजेच्या मैदानाशेजारी हैतीचा फलक लावायचा आहे?

फुटबॉलचा विश्वचषक आला की मिरज-सांगलीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फ्लेक्स झळकतात. यंदा ब्राझीलच्या गटात कॅरिबियनमधला हैती आहे, सोबत मोरोक्को आणि स्कॉटलंड. हैतीचाही एक फलक मंडळाने जरूर लावावा. त्याचा इतिहास लोकांसमोर यायलाच हवा.

सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स पुरतो. पंधरा फुटांवरून वाचता यावं म्हणून अक्षर दीड इंची ठेवा. मथळ्याला पाच इंच, त्याखाली एक फुटाचा पट्टा आणि उरलेल्या जागेत नऊ ओळी. त्याहून जास्त कोंबलं तर कुणी थांबून वाचत नाही.

पट्टा फक्त एका गोलाचा. १५ जून १९७४, विश्वचषक, म्युनिक, समोर इटली. उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला. हैतीच्या फिलिप व्हॉर्बने बचावफळीमागे पास सोडला, इमॅन्युएल सानों बचावपटूला मागे टाकून सुटला, इटलीचा गोलरक्षक डिनो झॉफ याला चकवलं आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू मारला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत १,१४२ मिनिटं झॉफवर गोल झाला नव्हता, तो विक्रम तिथे संपला. हैती १–३ ने हरली हेही त्याच पट्ट्यात लिहा, लपवू नका.

ओळींचे रकाने चार: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, ठिकाण. ठिकाणाचा रकाना जागा वाचवायला गाळतात, तो अजिबात गाळू नका. १९७३ ची विश्वचषक पात्रता स्पर्धा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, म्हणजे घरच्या मैदानावर झाली. त्रिनिदादचे अनेक गोल पंचांनी नाकारले आणि हैती २–१ ने जिंकली. उलट १८ नोव्हेंबर २०२५ ला निकाराग्वाला २–० हरवून पात्रता मिळवली, तो 'घरचा' सामना कुरासाओ बेटावर विलेमस्टाडला खेळावा लागला, कारण राजधानीत सशस्त्र टोळ्यांचं राज्य. प्रशिक्षक सेबास्तियाँ मिन्ये यांना तोवर हैतीत पाऊलही ठेवता आलं नव्हतं. हे सगळं त्या एका रकान्यातून कळतं.

मधल्या ओळी: १९७४ मध्ये पोलंडकडून ०–७ आणि अर्जेंटिनाकडून १–४ (एकच ओळ पुरे), २०१६ ला ऑरलँडोत ब्राझीलकडून १–७, २०१९ ला ह्यूस्टनमध्ये कॅनडाविरुद्ध ०–२ वरून ३–२. महिला संघाची ओळ हवीच: २०२३ ला ऑकलंडमध्ये चिलीवर २–१, दोन्ही गोल मेल्शी द्युमोर्ने हिचे, आणि पहिल्यांदाच विश्वचषकात प्रवेश.

उरलेल्या तीन ओळी यंदाच्या सामन्यांच्या. इथे हमखास घोळ होतो. अमेरिकेतल्या तारखा जशाच्या तशा छापल्या, तर आपल्याकडे सामना एक दिवस चुकतो. भारतीय तारखा लिहा: स्कॉटलंड १४ जून (सकाळी साडेसहा), ब्राझील २० जून, मोरोक्को २५ जून (पहाटे साडेतीन).

छपाईला देताना मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होऊ नका. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं. त्यात युनिकोड मजकूर चिकटवला की रफार सरकतो आणि जोडाक्षरं फुटतात. 'पोर्ट-ओ-प्रिन्स', 'द्युमोर्ने', 'व्हॉर्ब' हे शब्द प्रूफमध्ये स्वतः तपासा. नावं इंग्रजी स्पेलिंगवरून लावू नका, ती फ्रेंच आहेत: हैतीचा आघाडीपटू नॅझोन नव्हे, डकेन्स नाझों.

गणपतीतली लाकडी चौकट मंडळात पडून असेल तर तीच वापरा. कडेने दर फुटाला आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारून घ्या, नाहीतर जूनच्या वाऱ्यात कोपरे फाटतात. निकालाचे तीन चौकोन पांढरे सोडा आणि आकडे रेडियमचे कापून ठेवा. पाऊस लागलेल्या फ्लेक्सवर रेडियम धरत नाही, म्हणून सामना संपला की आधी चौकोन कोरड्या फडक्याने पुसा, मगच आकडा चिकटवा.