आघाततरंग आणि इलेक्ट्रॉन: गणित मांडताना या चुका टाळा

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या दक्षिण क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर वृक तारकासमूहाचा जो भाग येतो, तिथे इ.स. 1006 च्या सुपरनोव्हाचे अवशेष आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांच्या कडांवरील क्ष-किरण हे सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात वळताना अतिवेगवान इलेक्ट्रॉनांनी सोडलेले प्रारण) असल्याचे 1995 मध्ये जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाच्या निरीक्षणांतून पुढे आले, आणि तेथील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 10 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते हे त्यावरून समजले.

आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेणारे विद्यार्थी बहुधा पहिली चूक इथेच करतात: ही ऊर्जा चुंबकीय क्षेत्र देते, असे ते लिहितात. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनाला फक्त वळवते आणि विखुरते; ऊर्जा येते ती स्फोटामुळे बाहेर पसरणाऱ्या आघाततरंगाच्या अलीकडील व पलीकडील वायूच्या वेगांतील फरकातून.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण तिच्यामुळे वर्णपटच (कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन, हे चित्रच) चुकतो. तरंगाचा वेग सेकंदाला 5000 किलोमीटर धरला, तर एका फेरीत, म्हणजे तरंग ओलांडून पलीकडे जाऊन परत येण्यात, इलेक्ट्रॉनाची ऊर्जा सरासरी 1.7 टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि 1 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपासून 10 टेरापर्यंत पोहोचायला साडेपाचशेच्या आसपास फेऱ्या लागतात. मात्र दर फेरीत जवळपास तेवढेच टक्के इलेक्ट्रॉन वायूबरोबर मागे वाहून जातात आणि परत येत नाहीत, ही बाजू गणितातून हमखास सुटते. वाढ आणि गळती यांचे हे प्रमाण प्रबळ आघाततरंगात सारखे असते, म्हणूनच इलेक्ट्रॉनांची संख्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आघाततरंगातून कणांना ऊर्जा कशी मिळते हे सांगणाऱ्या, 1977–78 मध्ये मांडल्या गेलेल्या या सिद्धांताचे खरे सौंदर्य मला इथेच दिसते.

तिसरी चूक म्हणजे प्रोटॉनाची, म्हणजे प्रारणावाटे होणारा ऊर्जेचा ऱ्हास न धरणारी, सूत्रे इलेक्ट्रॉनासाठी जशीच्या तशी वापरणे. 100 मायक्रोगॉस क्षेत्रात 10 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सुमारे 125 वर्षांत आपली बहुतांश ऊर्जा प्रारणावाटे गमावतो, आणि हा काळ हजार वर्षांच्या अवशेषापेक्षा बराच कमी आहे. त्यामुळे क्षेत्र वाढवले की कमाल ऊर्जा वाढेलच, हे गृहीत धरू नये. कमाल ऊर्जेला या ऱ्हासाने मर्यादा घातली असेल, तर क्षेत्र चौपट केल्यावर कमाल ऊर्जा उलट निम्मी होते. सिंक्रोट्रॉन वर्णपटाची छेद-ऊर्जा (जिच्यापुढे प्रारण झपाट्याने घटते ती ऊर्जा) मात्र क्षेत्रावर अवलंबून राहत नाही, ती तरंगाच्या वेगाच्या वर्गानुसार बदलते. आलेखावर ही छेद-ऊर्जा जुळत नसेल, तर क्षेत्राचा आकडा बदलत बसण्याआधी वेगाचा आकडा तपासावा.