वॉर्डाच्या इलेक्शनला आपली एलजीबीटी माणसं कशी जमवायची

कॅम्पेन सुरू झालं की कोणीतरी उत्साही माणूस पहिल्याच रात्री गूगल शीट बनवतो. नाव, फोन, पत्ता, आणि चौथा कॉलम 'गे / लेस्बियन / ट्रान्स / इतर'. तुमच्याकडे असं शीट असेल तर आधी जाऊन तो चौथा कॉलम उडवा आणि मग पुढचं वाचा. कोण काय आहे याची लेखी यादी करायचीच नाही, शीटमध्ये नाही, डायरीत नाही, फोनमध्ये नाव सेव्ह करताना पुढे खूण म्हणूनही नाही. इलेक्शनच्या दिवसांत कागद या हातातून त्या हातात फिरतच असतात, ती यादी कुठे जाऊन पडेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या हातून एकदा झालंय. एका पोराने व्हॉलंटियरचा फॉर्म भरला होता, नंबर दिला तो घरचा निघाला. आमच्यातल्या एकीने संध्याकाळी फोन लावला, त्याच्या वडिलांनी उचलला, कोण बोलतंय विचारलं आणि हिने सवयीने ग्रुपचं पूर्ण नाव सांगितलं, ज्यात 'क्वीअर' (म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स सगळ्यांसाठी मिळून वापरतात तो) शब्द आहे. पलीकडे काही सेकंद नुसता टीव्हीचा आवाज येत होता, मग 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला गेला. तो पोरगा परत आला नाही, आणि तो ठीक आहे का हे विचारायला परत फोन करायचीही सोय राहिली नाही.

तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये दोनच जास्तीचे प्रश्न असतात. तुला कसं कॉन्टॅक्ट करायचं (फोन, फक्त मेसेज, किती वाजेपर्यंत) आणि दुसऱ्या कोणी फोन उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं. बास. कोणी 'कॉम्प्युटर क्लास' लिहितं, कोणी 'ऑफिसमधली मैत्रीण' लिहितं, आपण तेवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा.

आता लोकल इलेक्शनवर एवढा जीव का काढायचा, तर तिथे आपली संख्या खरोखर मोजली जाते. १९७४ ला अमेरिकेत अॅन आर्बरमध्ये कॅथी कोझाचेन्को ही २१ वर्षांची विद्यार्थिनी आपण लेस्बियन आहोत हे उघड सांगून सिटी कौन्सिलला उभी राहिली आणि ५२ मतांनी जिंकली. ५२ म्हणजे दोन बसमध्ये मावतील एवढी माणसं! राजस्थानात २००८ ला सी. पी. जोशी नाथद्वाऱ्यातून एका मताने पडले, आणि ती तर विधानसभा होती, वॉर्ड त्याहून कितीतरी लहान. आपण गे आहोत हे उघड सांगून राजकारणात उतरलेले अमेरिकेतले हार्वे मिल्क यांचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. १९७३ आणि १९७५ ला ते सॅन फ्रान्सिस्कोत पडले कारण तेव्हा बोर्डाच्या (म्हणजे तिथल्या सिटी कौन्सिलच्या) प्रत्येक जागेला अख्खं शहर मत द्यायचं, १९७७ ला शहराचे डिस्ट्रिक्ट पाडून मतदान झालं आणि ज्या भागात त्यांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं तिथूनच ते निवडून आले. माणूस तोच, फक्त आपली माणसं जिथे दाटीने राहतात तेवढाच तुकडा मोजला गेला. म्हणून पहिलं काम हे की वॉर्डाचा नकाशा घ्या, मागच्या वेळी किती मतांनी निकाल लागला ते बघा, आणि तो आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. माणसं 'बदल घडवू या' ऐकून येत नाहीत, 'मागच्या वेळी १४० चा फरक होता आणि आपण १४० आहोत' असं काही ऐकलं की येतात.

व्हॉलंटियर बोलवताना 'मदत कराल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात आणि कोणी येत नाही. 'शनिवारी चार ते सहा याद्या तपासायला येशील का, मी असेन तिथे' असं विचारा. दिवस, वेळ, काम आणि तिथे ओळखीचं कोण असणार, हे चारही सांगायचं. आणि ज्याने नाव दिलं त्याला दोन दिवसांच्या आत काहीतरी काम द्याच, छोटं का असेना, कारण पहिला उत्साह आठवडाभर टिकत नाही. आपल्या लोकांमध्ये अजून एक गोष्ट असते, बरेच जण कुठल्या तरी ग्रुपमध्ये गेलेले असतात आणि तिथे कोणी नीट बोललेलं नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी दारात उभं राहून नावाने 'ये, बस' म्हणणारं माणूस ठेवा. नाव म्हणजे तो किंवा ती जे सांगेल ते नाव, कागदावरचं नाही.

सगळ्यांना रस्त्यावर उतरता येत नाही, आणि जो उतरत नाही तो कमी कार्यकर्ता असं अजिबात समजू नका. घरी सांगितलेलं नाही असा माणूस डेटा एंट्री करेल, पत्रकाचं डिझाईन करेल, दुसऱ्या भाषेत ट्रान्सलेट करून देईल, मतदार यादीतले डबल पत्ते शोधेल, लांबच्या वॉर्डात जिथे त्याला कोणी ओळखत नाही तिथे दारोदार फिरेल. आमच्याकडे एक सरकारी नोकरीतली बाई यायची (सरकारी नोकरांना प्रचार करता येत नाही बऱ्याच ठिकाणी, हे आधी विचारून घ्या), तर तिने प्रचाराला हात न लावता नुसतं लोकांची नावं यादीत आहेत का हे तपासायचं काम केलं, तेही पक्ष, उमेदवार कुठलाही असो. अशी कामं आधीच लिहून ठेवा म्हणजे कोणाला 'मला जमणार नाही' म्हणताना कारण सांगावं लागणार नाही. आईवडील, भावंडं, मित्र यांनाही बोलवा, ते बिनधास्त पुढे उभे राहू शकतात आणि आपल्याला मागून काम करता येतं.

अजून एक. मीटिंगला कोण येतंय ते मोजा. बहुतेक ठिकाणी शहरी, इंग्रजी बोलणारे गे मुलगे जास्त दिसतात, लेस्बियन बायका आणि ट्रान्स पुरुष जवळपास दिसतच नाहीत. ते नसतात असं नाही, मीटिंग रात्री नऊला ठेवली तर घरातून निघणार कसं? दुपारची ठेवा, बसने पोचता येईल अशा जागी ठेवा, आणि बोलायला पहिला माईक त्यांच्याकडे द्या.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साधा ग्रुप केला की प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, डीपी दिसतो, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट काढला की संपलं. मोठ्या निरोपांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, त्यात माणसं एकमेकांना दिसत नाहीत, पण लक्षात ठेवा की ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, म्हणून फॉर्म भरताना समोरच नंबर सेव्ह करून घ्यायचा, वेगळ्या नावाने केला तरी चालेल. ग्रुप हवाच असेल तर पाच-सहा जणांचा, कामापुरता, काम झालं की बंद. डेटिंग अॅपवर अनोळखी लोकांना प्रचाराचे मेसेज टाकू नका, लोक तिथे त्यासाठी आलेले नसतात आणि अकाउंटही उडू शकतं, फार तर स्वतःच्या प्रोफाईलवर 'यादीत नाव आहे का, विचार मला' एवढी ओळ टाका.

फोटोंचा नियम सोपा ठेवा. विचारल्याशिवाय एकही फोटो नाही, सेल्फीही नाही, आणि ज्यांना फोटो चालत नाही त्यांना वेगळ्या रंगाची रिबीन द्या म्हणजे फोटो काढणाऱ्याला लांबूनच कळतं. उमेदवाराच्या सोशल मीडिया टीमला हे तीन-तीनदा सांगा, त्यांना गर्दी दाखवायची घाई असते.

दारोदार जाण्याला पर्याय नाही. १९९८ ला अमेरिकेत न्यू हेवनमध्ये संशोधकांनी तुलना करून बघितली होती, दारात जाऊन बोललं तर मतदान चांगलंच वाढलं, पत्राने थोडंसं, आणि फोनने काहीच फरक पडला नाही. म्हणून जमेल तितकं चालत जा. दोघं-दोघं जा, एकट्याने कधीच नाही, दर तासाला एकमेकांना मेसेज, आणि एक ठरलेला शब्द ज्याचा अर्थ 'आता निघू या'. दार उघडणारा ओरडला तर वाद घालायचा नाही, 'बरं, येतो' म्हणून पुढचं दार.

जे विरोधात आहेत किंवा गोंधळलेत त्यांच्याशी बोलण्याची एक पद्धत आहे, तिला डीप कॅनव्हासिंग म्हणतात. २०१६ ला डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी मायामीतला अभ्यास छापला, त्यात साधारण १० मिनिटं दारात बोलल्यावर ट्रान्स लोकांबद्दलचा आकस कमी झाला आणि तो परिणाम निदान ३ महिने टिकला. त्यात भाषण नव्हतं. लोकांना विचारायचे की तुम्ही वेगळे आहात म्हणून कधी कोणी तुम्हाला नावं ठेवली का, आणि मग ऐकायचे. जाडेपणावरून, काळेपणावरून, जातीवरून, गरिबीवरून, प्रत्येकाकडे एक गोष्ट असते हो, आणि ती सांगून झाली की माणूस समोरच्याचं ऐकायला तयार होतो. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही वाटते की बोलणारी व्यक्ती ट्रान्स असो वा नसो, परिणाम झालाच. म्हणजे प्रत्येक दारात ट्रान्स मैत्रिणीलाच पुढे करून तिलाच सगळं ऐकून घ्यायला लावायची गरज नाही. एका आजींच्या दारात मी मुद्दा सोडून हे विचारलं तर त्या दाराला टेकल्या आणि सांगायला लागल्या, नवरा गेल्यावर लग्नाच्या पंगतीत त्यांना मागच्या ओळीत बसवायचे. वीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग तुम्हाला पण मागेच बसवतात का गं?"

पण हे सगळं वेळखाऊ आहे, म्हणून वेळ वाटून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत अशा गप्पा, शेवटच्या आठवड्यात फक्त आपल्या पक्क्या मतदारांना बाहेर काढायचं.

मतदारांचं काम यादीपासून सुरू होतं. आपल्यातले खूप जण घर सोडून दुसऱ्या शहरात आलेले असतात, भाड्याने राहतात, वर्षाला खोली बदलतात, आणि नाव अजून आईवडिलांच्या पत्त्यावर असतं. यादीची शेवटची तारीख इलेक्शनच्या बरीच आधी येऊन जाते, म्हणून प्रचाराच्या आधी एक महिना फक्त नाव नोंदणीचा ठेवा. घरमालक भाड्याचा कागद देत नाही, मग पत्त्याचा पुरावा म्हणून अजून काय काय चालतं त्याची नियमातली यादी प्रिंट करून जवळ ठेवा.

ट्रान्स मतदारांची भीती वेगळी असते. आयडीवरचा फोटो जुना, नाव जुनं, आणि बूथवर शंभर माणसांसमोर कोणीतरी ते नाव मोठ्याने वाचणार. बायकांची आणि पुरुषांची वेगळी रांग असेल तर कुठल्या रांगेत उभं राहायचं इथपासून प्रश्न. भारतात निवडणूक आयोगाने २००९ मध्ये यादीत 'इतर' हा पर्याय दिला, पण कागदावर पर्याय असणं आणि बूथवरच्या माणसाला तो माहीत असणं यात फरक आहे. उपाय असा की ओळख पटवण्याचा नियम छापील घेऊन जा, शक्य असेल तर गर्दी नसताना सकाळी लवकर जा, आणि सोबत एक माणूस द्या जो त्याच बूथचा मतदार आहे म्हणजे रांगेत शेजारी उभा राहू शकेल. अधिकाऱ्याला चिठ्ठीवरचा अनुक्रमांक दाखवायचा आणि हळू आवाजात सांगायचं, 'नंबरावरून बघा, नाव मोठ्याने वाचू नका प्लीज.' बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. आदल्या आठवड्यात बूथच्या जबाबदार अधिकाऱ्यांना एक साधं पत्र देऊन ठेवलं तर अजून बरं.

आपल्यातलं कोणी उमेदवार असेल तर कागदपत्रांसाठी वकील आधीपासून हाताशी ठेवा. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील या ट्रान्स उमेदवाराने स्त्रियांच्या जागेवरून अर्ज भरला तो आधी बाद झाला होता, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य केला आणि जानेवारी २०२१ ला त्या निवडून आल्या. कोर्टात जायला वेळ मिळाला म्हणून, नाहीतर तारीख निघून गेली असती.

दुसरा कोणी उमेदवार असेल तर नुसत्या इंद्रधनुषी झेंड्यावर खूष होऊ नका. लोकल कौन्सिलच्या हातात जे असतं तेच मागा, म्हणजे सार्वजनिक टॉयलेट, बागेतले आणि गल्लीतले दिवे, सरकारी दवाखान्यात नीट वागणूक, शाळेत छळ झाला तर तक्रार कुठे करायची. लेखी प्रश्न द्या, लेखी उत्तर घ्या, सही घ्या. आणि मागण्याआधी दुसऱ्यांच्या कामाला जा. मिल्क यांनी ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनला बिअरच्या बॉयकॉटमध्ये गे बारमालकांची साथ मिळवून दिली आणि बदल्यात गे लोकांना ड्रायव्हरच्या नोकऱ्या मागितल्या, पुढे त्या युनियनवाल्यांनी त्यांना पाठिंबा दिला. वॉर्डात पाण्यासाठी बायका मोर्चा काढतायत तर तिथे आपली दहा माणसं दिसली पाहिजेत.

संस्थेच्या नावाने काम करत असाल तर एका उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने परवानगी आहे का ते बघा, खूप ठिकाणी नसते, मग नोंदणी आणि माहिती संस्थेतर्फे आणि प्रचार वैयक्तिक, पैसे आणि याद्या एकदम वेगळ्या. मतदारांना गाडीने नेणं काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी गुन्हा आहे, हेही आधी विचारा.

शेवटचे चार दिवस प्रत्येकाला एकच विचारायचं, किती वाजता जाणार, कुठून जाणार, कोणासोबत. 'मत दे हं' म्हणण्यापेक्षा हे बोलून घेतलं की माणूस जास्त जातो, आणि अभ्यासात असं दिसलंय की घरात एकटाच मतदार असेल तर याचा उपयोग जास्त होतो, कारण त्याला घरून 'चल' म्हणणारं कोणी नसतं. आपल्यातले कितीतरी जण एकटे राहतात, तेव्हा त्यांचं 'चल' आपण म्हणायचं. मतदानाच्या दिवशी दुपारी एकला यादी परत काढा, ज्यांचा 'झालं' मेसेज आला नाही त्यांना ठरलेल्या पद्धतीने विचारा, आणि कोणी बूथवरून रडवेल्या आवाजात फोन केला तर लगेच निघेल असं माणूस मोकळं ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

निकाल लागला की त्याच आठवड्यात सगळ्यांना बोलवा, जिंकलो तरी आणि हरलो तरी. ज्यांना पुढेही कॉन्टॅक्टमध्ये राहायचंय त्यांना परत एकदा विचारून त्यांचे नंबर वेगळे काढा. बाकीचं शीट दोघा-तिघांच्या समोर डिलीट करा, ट्रॅशमधूनही काढा, छापलेल्या याद्या फाडून टाका, आणि 'तुझी माहिती आता आमच्याकडे नाही' असा एक मेसेज प्रत्येकाला, त्याने सांगितलेल्या वेळेत, पाठवा.